तांबी यंदा मागं राहिली

२ नोव्हेंबर

गेले सगळे ऊसतोडीला. ट्रॅक्टर सकाळीच आला. भांडी चढली, फडावरच्या झोपडीचे, कोपीचे बांबू चढले, शेळी चढली, माणसं चढली. मी खाली उभी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी खाली उभी राहिले.

नवराबायको मिळून एक कोयता धरतात. माझा नवरा आता अर्धा कोयता. इथं त्याचं नाव लिहिलं तर कोण बघतंय — रामेश्वर. त्याच्या जोडीला धाकटा दीर प्रविण आणि जाऊ सुनिता. मोळ्या आता सुनिताच वाहणार, तिच्या नवऱ्याच्याही आणि माझ्याही. पोरगं कडेवर घेऊन म्हणाली, "अक्का, तुमी आता आराम करा. लई वढली तुमी."

माझी कंबर गेली. गर्भपिशवी काढली तेव्हापासूनच गेली. माझी लेक संस्कृती तेव्हा पहिलीत होती, आता सातवीत आहे. मोळी डोक्यावर घेतली की कमरेतून कळ निघते आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. गेल्या हंगामात फडातच पडले. मुकादम म्हणाला, बाईला घरी ठेव.

तांबी ट्रॅक्टरमागं पळाली. आमची कुत्री. तीही दरवर्षी जाते, फडावर कोपीची राखण तीच करते. यंदा रामेश्वरनं तिला मुद्दाम मागं ठेवली. "तुला सोबत," म्हणाला. ती वळणापर्यंत पळाली, मग रस्त्यातच बसली. मी हाका मारल्या. आली नाही. ऊन चढल्यावर आपली आपण आली आणि माझ्याकडं न बघता चुलीमागं जाऊन पडली.

५ नोव्हेंबर

तांबी रोज सकाळी वळणावर जाऊन बसते. मी पण तिकडंच बघते. दोघी येड्या.

९ नोव्हेंबर

तांबीनं शेजारच्या रतनबाईची कोंबडी धरली. मेली नाही, पण पंख गेले. रतनबाई दारात येऊन बोलली, "मनिषा, पुन्यांदा धरली तर भाकरीत कायतरी घालून टाकीन बघ." मला इतका राग आला की तांबीला हाक मारली, ती शेपूट हलवत आली आणि मी काठी घातली.

सासरे अंगणात बसले होते. आश्रुबा त्यांचं नाव, मी मामा म्हणते. त्यांनी नुसती काठी माझ्या हातातून घेतली आणि छपरावर टाकली.

१० नोव्हेंबर

हाक मारली की तांबी आता उलट्या बाजूला जाते.

१४ नोव्हेंबर

शाळेच्या पटांगणात कुत्र्यांना पिसाळू नये म्हणून लस टोचत होते. शिरूरहून गुरांच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. नाव सत्यशीला. बारीक अंगाच्या, केस वर बांधलेले, हातावर कुत्र्याच्या नखांचे जुने ओरखडे. तांबी काही केल्या जवळ येईना. मी दोरी ओढत होते, ती चारी पाय रोवून उभी.

मॅडम म्हणाल्या, "ताई, हाक मारल्यावर मारलं का हिला?"

मी दोरी सैल सोडली.

"तिला कोंबडीबद्दल मार मिळाला असं तुम्हाला वाटतं. तिला वाटतं, हाकेला आल्याबद्दल मिळाला."

त्यांना कोंबडीचं कुणी सांगितलं म्हणून मी चकितच झाले. नंतर कळलं, मामांनी सांगितलं होतं. मग मॅडमनी सगळं समजावलं. खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. जवळून हाक मारायची, आली की लगेच तुकडा, वर एक चांगला शब्द. उशिरा आली तरी मारायचं नाही, आली हे महत्त्वाचं. मग थोडं लांबून हाक, मग आणखी लांबून. कोंबड्यांपुढं सुरुवातीला दोरीतच न्यायची, आणि तिनं कोंबडीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं की तेवढ्यात तुकडा.

फोन नंबर दिला. "काही वाटलं तर विचारा. उगाच गावठी औषध करत बसू नका."

२१ नोव्हेंबर

आज वळणावरून आली. एका हाकेत! कान मागं टाकून अशी धावत आली की मीच दोन पावलं मागं सरले. संस्कृती म्हणाली, "आई, तू हसलीस." म्हणजे मी किती दिवस हसले नव्हते?

रतनबाईची कोंबडी समोरून गेली. तांबीनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी अख्खी चतकोर दिली.

२६ नोव्हेंबर

तांबी माजावर आली. दारात चार गावची कुत्री. मामा दगड मारून दमले. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तीन आठवडे मोकळी सोडू नका, बाहेर न्यायची तर दोरीत. आणि पुढचे दोन महिने तिच्या खाण्यापिण्याकडं लक्ष ठेवा, या वयाच्या कुत्रीला माजानंतर पोटाचं दुखणं येऊ शकतं. शेवटी म्हणाल्या, "पुढं सवडीनं हिचं ऑपरेशन करून घेऊ. पिल्लंही नकोत आणि दुखणंही नको."

ऑपरेशन म्हटलं आणि मी फोन ठेवून दिला. रेंज गेली असं त्यांना वाटलं असेल.

१२ डिसेंबर

थंडी लई पडली. तांबी आता माझ्या अंथरुणाला लागून झोपते, पाठ माझ्या कमरेला टेकवून. गरम विटेनं शेकावं तसं वाटतं. सकाळी उठताना हात टेकावा लागत नाही.

रामेश्वरचा फोन आला की पहिलं विचारतो, "तांबी कशी हाय?" मी म्हटलं, बायको पण हाय घरात. हसला. मग म्हणाला, "सुनिता लई मरतीय गं. दोघांच्या मोळ्या." 

२५ डिसेंबर

काही नाही लिहिण्यासारखं. चांगला दिवस. तूर झोडपली, तांबी ढिगावर बसून होती राणीसारखी.

६ जानेवारी

तांबी पाणी लई पितीय. घमेलं भरलं की संपतं. भाकरी हुंगते आणि तोंड फिरवते. मागून सारखी चाटते.

७ जानेवारी

अंग तापलंय. मामा म्हणाले, संस्कृतीला तापाला देतो ती गोळी अर्धी घालावी का. मॅडमना विचारलं तर जवळजवळ ओरडल्याच, "माणसाची तापाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही, जीव जातो. उद्या सकाळी घेऊन या तिला."

मागून घाण जातेय. पिवळट. वास येतो. मला तो वास ओळखीचा वाटला.

८ जानेवारी

मामा, मी आणि तांबी टमटमनं शिरूरला गेलो. मॅडमनी तिला टेबलावर घेतलं. मला म्हणाल्या, डोकं तुमच्या छातीशी धरा, बोलत राहा तिच्याशी. पोट हलकेच दाबून बघितलं. ताप घेतला. हिरड्या बघितल्या. माज कधी आला होता विचारलं.

मग हातमोजे काढून म्हणाल्या, "ताई, हिच्या गर्भपिशवीत पू झालाय. औषधानं तात्पुरतं बरं वाटेल, पण बरी होणार नाही. पिशवी काढावी लागेल. आज उद्याच."

पिशवी काढावी लागेल. आज उद्याच. तेच शब्द!

मी विचारलं, "कावून?"

"नाहीतर विष अंगात पसरेल. जीव जाईल."

जीव जाईल — हेही तेच.

मी म्हणाले, "न्हाई काढायची." मामा म्हणाले, "मनिषा, त्या म्हणत्यात तर—" मी म्हणाले, "मामा, न्हाई म्हणजे न्हाई." तांबीला टेबलावरून उचलायला लागले तर माझीच कंबर लचकली. मॅडमनी हात दिला. रागावल्या नाहीत. इंजेक्शन दिली, गोळ्या दिल्या, भाकरीच्या गोळ्यात घालून कशा द्यायच्या ते दाखवलं. दारापर्यंत आल्या. "विचार करा. पण लई वेळ नाही हिच्याकडं."

टमटममध्ये मामांनी तांबीचं डोकं मांडीवर घेतलं.

९ जानेवारी

मामांना कसं सांगू. सासऱ्याला असलं सांगतात का.

कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते. मी सव्वीस वर्षांची होते. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखायचं. हंगाम तोंडावर होता. मुकादमाच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं — नाव लिहायचं नाही मला त्या जागेचं. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवली. तिकडं बघत बघतच म्हणाला, पिशवी खराब झालीय, काढावी लागेल, आज उद्याच. मी म्हणाले, औषधानं न्हाई का व्हायचं. तो म्हणाला, "कॅन्सर झाल्यावर या मग." रामेश्वर भिंतीला टेकून रडला. सही त्यानं केली, शेजारी माझी पण घेतली. त्या खोलीत आमच्याच भागातल्या कितीतरी बाया ओळीनं झोपलेल्या. सगळ्यांची पिशवीच खराब? सगळ्यांची एकाच वेळी?

दोन महिन्यांनी फडावर होते. त्या हंगामापासून घाम फुटतो, हाडं दुखतात, रात्र रात्र डोळा लागत नाही. तेहतिशीत माझी चाल बघून पोरं आजी म्हणतात.

आणि आता कुत्रीची पण. नाही.

११ जानेवारी

तांबीनं दूधभाकरी खाल्ली. ताप उतरला. मी मामांना म्हणाले, बघा. ते म्हणाले, "बघतोय." एवढंच.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीच्या भाकरीला तीळ लावले. तांबीनं दोन घास खाल्ले, शेपूट हलवली. घाण जायची पण थांबली. बरी झाली! औषधानं बरी झाली. सगळ्यांनाच कापायची घाई असते.

मॅडमचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही.

१५ जानेवारी

बरी नाही झाली.

सकाळी उठेना. पोट ढोलासारखं तट्ट. पाणी प्यायली की उलटी. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. मामांनी मला न विचारता संस्कृतीकडून मॅडमना फोन लावून घेतला. मॅडम स्कूटीवरून घरी आल्या, दुपारच्या उन्हात. तांबीजवळ मातीत बसल्या.

मी म्हणाले, "घाण थांबली तर मला वाटलं..."

"तोंड मिटलं पिशवीचं. पू आतच कोंडला." मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी काय झालं तुम्हाला? तुम्ही माझ्यावर चिडला नव्हता. दुसऱ्याच कुणावर चिडला होता."

मामा उठून गोठ्याकडं गेले. त्यांना कळलं असणार.

मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेवढं सगळं. तांबीच्या डोक्यावर हात ठेवून, मान खाली घालून. मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत काय खरं होतं ते मला सांगता येणार नाही. मी जनावरांची डॉक्टर. तुम्हाला राग यायलाच पाहिजे, एवढं सांगते. पण तांबीचं खरं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांनी बघा."

मी विचारलं, "ऑपरेशनला मला आत येऊ द्याल?"

"येऊ देते. चक्कर आली तर खाली बसायचं."

१६ जानेवारी

केलं ऑपरेशन. मी आत होते.

तांबीला गुंगी दिली तेव्हा तिचे डोळे माझ्यावरच होते. मग जीभ एका बाजूला पडली. पोटावरचे केस काढले, खाली गुलाबी कातडी. मला वाटलं होतं मी बघू शकणार नाही. पण बघितलं. पापणीसुद्धा हलवली नाही.

बाहेर काढली तेव्हा ती पिशवी कसली, दोन जाड पडवळं वाटली, हातभर लांब, फुगून जांभळी झालेली. मॅडमनी पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली आणि बाजूला नेऊन थोडी चिरून दाखवली. पू. भरभरून. त्या खोलीत उभं राहवेना असा वास.

मॅडम म्हणाल्या, "बघितलं?"

मी मान हलवली. मला रडायला आलं ते तांबीसाठी का माझ्यासाठी, मला नाही सांगता यायचं. असं मला कुणी दाखवलं असतं. हे बघ बाई, हे खराब होतं, म्हणून काढलं. एवढंच दाखवलं असतं तरी मी आयुष्यभर गप्प बसले असते.

शिवून झालं. तांबी शुद्धीवर आली. घरी न्यायला मॅडमनी नको म्हटलं. सलाईन चालू आहे. मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितेय. मामा संस्कृतीसाठी घरी गेले.

१७ जानेवारी

तांबी डोळे उघडते, मिटते. मी तिच्या ओठांवरून ओला बोळा फिरवते. टाक्याला तोंड लावू नये म्हणून माझ्या जुन्या परकराचं कापड पोटाभोवती बांधलंय. मॅडम म्हणाल्या, लघवी व्हायला पाहिजे. त्यावरच सगळं आहे.

१८ जानेवारी

लघवी नाही. परत परत बघते. कापड कोरडंच.

रामेश्वरला फोन लावला. म्हणाला, "फोन तिच्या कानाला लाव." लावला. तो तिकडून शीळ घालत होता, फडावर घालायचा तशी. तांबीचा कान हलला. एकच. मग मी फोन काढून घेतला, कारण तो रडतोय हे मला ऐकू येत होतं आणि तिनं ते ऐकू नये असं वाटलं.

१९ जानेवारी

सकाळी गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं.

मॅडम दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "आठ तारखेलाच काढली असती तर?"  मला वाटलं, आता खोटं बोलतील, म्हणतील नशीब होतं. त्या म्हणाल्या, "तर वाचण्याची आशा लई होती. उशिरानं मूत्रपिंडं गेली." मग जवळ येऊन बसल्या. "पण तुम्ही नाही कशामुळं म्हणालात, ते मला ठाऊक आहे. ते तिच्या वाईटासाठी नव्हतं."

खरं बोलल्या म्हणून मी त्यांचे हात धरले.

मामांनी बांधावर खड्डा खणला. त्यांना नीट दिसत नाही, तरी कुदळ मला दिली नाही. माती ओढून झाल्यावर म्हणाले, "मी त्या टायमाला घरात असतो तर तुझी पिशवी काढू दिली नसती. मी गावालाच गेलतो गं. परत आलो तवर तुला घरी आणलं होतं." इतकी वर्षं ते हे धरून बसले होते. मी पदर तोंडाला लावला.

२० जानेवारी

घमेल्यात पाणी तसंच आहे. ओतवेना.

२३ जानेवारी

कंबर परत धरली. झोपताना मागं हात जातो.

२७ जानेवारी

रतनबाई आली. म्हणाली, वाईट झालं गं. खरंच वाटलं तिला. मग म्हणाली, "पर कुत्र्याचं एवढं न्हाई लावून घ्यायचं." मी चहा केला. काही बोलले नाही. कुत्र्याचं किती लावून घ्यायचं असतं, ते कुणी ठरवलंय?

मला तांबीची आठवण येत नाही असा वेळ फक्त तूर निवडताना असतो. मग वाटतं, ढिगावर बसली असेल, आणि वर बघते.

३ फेब्रुवारी

सुनिताचा फोन. चोरून केला होता, उसाच्या सरीत बसून. हळू बोलत होती. महिनाभर पोटात दुखतंय, मध्ये मध्ये डाग पडतायत. मुकादम म्हणाला, एक पोरगं झालंय, आता पिशवी काढून टाका, पाळीची कटकट मिटेल, कामाचे खाडे बंद, जवळच्या दवाखान्यात बोलून ठेवलंय. प्रविण हो म्हणालाय. परवाची वेळ ठरलीय.

"अक्का, काढू का?"

 आधीची मनिषा असती तर ओरडली असती, न्हाई, अजिबात न्हाई. पण माझं "न्हाई" तांबीला लागलं. आता माझ्या न्हाईचा मलाच भरवसा वाटत नाही. आणि हो म्हणायला जीभ वळत नाही. सुनिता तिकडं श्वास घेत होती. मी म्हणाले, "फोन चालू ठेव. थोड्या टायमानं लावते."

सत्यशीला मॅडमना लावला. विचारलं, "हो म्हणू का न्हाई म्हणू?"

"मला माणसांतलं विचारू नका," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, हो किंवा नाही हे दुसरं असतं. पहिलं असतं तपासणं. तिला अजून कुणी हात लावून तपासलंय का?"

नाही. कुणीच नाही. मुकादमानंच ठरवलं होतं.

सुनिताला परत फोन केला. "मी येतीय. मी येईस्तोर दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. प्रविणभावजींना सांग, अक्का म्हणली." मग रामेश्वरला केला. तो म्हणाला, "तुझ्या कमरेला बसचा प्रवास झेपंल का?" मी म्हणाले, "तू तिथं हायेस. तवा भिंतीला टेकून रडला होतास. आता तिच्या कोपीपुढं बस, मी येईस्तोर."  मग म्हणाला, "बसतो."

४ फेब्रुवारी

बसमध्ये. हात हलतोय म्हणून अक्षर असं. मामांनी पाठीमागं घ्यायला गोधडीची वळकटी करून दिली. संस्कृती म्हणाली, "आई, काकूला घेऊनच ये."

सुनिता मला चांगली वाटते, नाही वाटत, याचा कधी विचारच केला नव्हता. माझ्या वाटच्या मोळ्या तिनं वाहिल्या. दुखणं त्यामुळं असलं तर?

आणि तपासून खरंच खराब निघाली तर? तर मी तिच्या शेजारी बसेन आणि म्हणेन, काढा. म्हणता येईल मला? म्हणायला पाहिजे.

५ फेब्रुवारी, सकाळी

पोहोचले. रामेश्वर कोपीपुढं बसलेला होता, कोयता बाजूला टाकून. आजचा रोज बुडवला त्यानं. मला बघून उठला आणि माझ्या मागं बघितलं. सवयीनं. मग मान खाली घातली.

प्रविण म्हणाला, "वहिनी, एवढ्या लांबून कावून आलात? साधी गोष्ट हाय, समदेच काढत्यात." मी म्हणाले, "भावजी, तुमच्या बैलाला काही झालं तर डॉक्टर पैल्यांदा पोटावर हात ठेवतो. सुनिताच्या पोटावर कुणी ठेवला?"  वाईट नाही तो. त्यालाही भीती घातलीय, रामेश्वरला घातली होती तशीच.

मुकादमाच्या दवाखान्यात नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चाललोय. चौघं. सुनिता माझा हात सोडत नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी

पिशवी चांगली आहे सुनिताची. बाळ आहे त्यात, अडीच महिन्यांचं. ओझ्यानं डाग पडत होते — आता मोळी उचलायची नाही, झोपून राहायचं, बाळ टिकेल, इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. प्रविण दवाखान्याच्या पायरीवर बसलाय, उठतच नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून रात्रीच्या बसनं तिला आणि पोराला घेऊन निघतेय, तिला सीटवर आडवी झोपवून.